वाटेकडे तोंड केलेल्या चपला

मामाजी गेले तेव्हा मी त्यांच्यापासून एकच मजला वर होतो. गोंदियाच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीबाहेर. वेळेआधी जन्मलेली माझी मुलगी आत काचेच्या पेटीत होती, आणि ते दार उघडलं की मी उठून उभा राहायचो. मामाजी सकाळीच देवरीहून बसने आले होते. छातीत कळ आली म्हणून माझा भाऊ त्यांना तसंच अनवाणी खाली घेऊन गेला. मी मागे निघालो तर म्हणाले, "तू कायले येतं? लेकीपाशी थांब." दुपारी भावाने जिन्यातून माझ्या नावाने हाक मारली, आणि तिच्या दारापाशीच असूनही मला आधी वाटलं, मुलीचंच काही झालं...

मामाजी म्हणजे आईचे धाकटे भाऊ. तेंदूपत्ता तोडून आणि मजुरी करून जगणाऱ्या आमच्या घरात ख्रिस्ती प्रार्थना आणि प्रभूचं नाव पहिल्यांदा त्यांनी आणलं, आणि मला कॉलेजात घालायचा हट्टही त्यांनीच धरला. गावात कोणी आजारी पडलं की त्यांना प्रार्थनेला बोलावत. बाकी सगळे चपला बाहेर काढून बसत. मामाजी मात्र चपला घालूनच उभे राहत आणि डोळे मिटण्याआधी विचारत, "गाडी सांगतली का?"

एकदा शेजारच्या बाईला साप चावला. मंडळी गुडघे टेकून बसली होती, आणि कोणाला उठायचं सुचत नव्हतं. मामाजींनी तिला उचलून जीपमध्ये ठेवायला लावलं. एक जण टोमणा मारत म्हणाला, "मामाजी, विश्वास कमी पडून राहिला का? अन् देवापुढं चपला?"

"जीव त्याचा हाय. दुसऱ्याची वस्तू हातात असली त उशीर करता येत नाही," मामाजी म्हणाले. "अन् चपलेचं म्हणशील, त मी रस्त्यावर आहो." मग जीपमध्ये, देवरीच्या दवाखान्यापर्यंत, ते डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत राहिले. बाई वाचली. पण त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा मुलगा तापाने गेला. तेव्हाही गाडी वेळेवर आली होती.

हे मला माहीत होतं, म्हणून गोंदियाच्या दवाखान्यात, त्या शेवटच्या सकाळी मी त्यांना विचारलं, "मामाजी, प्रभूनं कबरेतून माणूस उठवला, मग सगळ्यांना काऊन नाही उठवत?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "त्या गावात कबर का एकच होती? त्यानं एकालेच हाक मारली. काऊन, ते त्याले मालूम. त्याच्या बहिणींनी प्रभूले निरोप धाडला होता, आपणबी धाडू."

मी हळूच म्हणालो, "मी त्याला सांगितलंय, माझा जीव घे, तिला ठेव."

मामाजी चिडले. "देव का बाजार भरवून बसला हाय? ज्यानं मातीत श्वास फुंकला, त्याच्यापाशी जीव कमी पडते का, एक घेतल्याबिगर दुसरा देताच येत नाही असं?"

मामाजींना माती देताना नातेवाईक माझा हात धरून रडत होते. "मामानं आपला जीव देऊन लेकीचा वाचवला रे." ते प्रेमाने म्हणत होते, पण मला ते ऐकवेना. मुलगी अजून वाचली कुठे होती? आणि ती गेली, तर मामाजींचं मरण वाया गेलं असं म्हणायचं का? मामाजींचं ते चिडणं आठवलं आणि मी नातेवाइकांच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.

दवाखान्यात परतलो तर बाळांच्या खोलीच्या दाराशी मामाजींच्या चपला तशाच होत्या. या एका दारात त्यांनाही त्या काढाव्या लागल्या होत्या. टाचा भिंतीला आणि तोंड वाटेकडे, लगेच निघता यावं अशा. त्या घरी न्यायचं माझ्याने झालं नाही. सफाईवाली मावशीही झाडताना त्यांना वळसा घालते.

परवा चहाच्या टपरीवर असताना दवाखान्यातून फोन आला. "बायकोला घेऊन लवकर वर या." मी आणि सरिता जिना चढत होतो. माझे ओठ हलत होते, डोळे उघडे होते. काय मागत होतो तेही कळत नव्हतं. दारात नर्स म्हणाली, "घाबरू नका. आज तोंडाने दूध पाजून बघायचं आहे."

सरिता आत गेली. काचेतून मला मुलीची हनुवटी दिसत होती. हलली... थांबली. मी श्वास धरून उभा होतो. पुन्हा हलली.

डॉक्टर अजून नक्की काही सांगत नाहीत. मी पायातल्या चपला काढल्या, मामाजींच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि वाकून माझ्याही चपलांचं तोंड वाटेकडे केलं.