ताईला ठेवायचं कुठं

तुमची लेकरं किती, असं कुणी विचारलं की आई अजूनही तीन सांगते. आहोत आम्ही दोघंच. मी अमरावतीला, कॉलेजात शिकवते, आणि धाकटा भाऊ अकोल्याला, जुन्या शहरातल्या घरी आईजवळ. तिसरी म्हणजे माझ्या आधीची ताई. ती लहानपणीच गेली, मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. तिचा जगात एकच फोटो होता, तळहाताएवढा. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेली, एक मोजा घसरलेला आणि चेहऱ्यावर राग.

मागच्या उन्हाळ्यात कूलरची नळी निसटली आणि पाणी सरळ पलंगाखालच्या पेटीत गेलं. पेटीत घराचं खरेदीखत, बाबांनी मांडलेल्या पत्रिका, आमच्या मार्कशीटा, लग्नांचे फोटो, सगळं एकत्र. भावानं एकेक कागद सुटा करून सावलीत वाळवला. बाकीचं बरंचसं वाचलं, पण ताईच्या फोटोवर कपाळापासून गालापर्यंत पिवळा डाग उतरला. आई त्या दिवशी जेवली नाही. मला फोनवर म्हणाली, "तू येवढी शिकली ना वं, मंग काहीतरी कर. पोरगी तेवढी वाचव माही." फोटो वाचव नाही म्हणाली, पोरगी वाचव म्हणाली.

मी सगळं अमरावतीला आणलं आणि स्कॅन करून घेतलं. ते सोपं होतं. पण स्कॅन केलेलं ठेवायचं कुठं, इथून माझं डोकं फिरायला लागलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, हार्ड डिस्क घ्या. घेतली. पैसे दिल्यावर हाच गृहस्थ सांगतो, पण एकीवर भरवसा ठेवू नका, तीपण कधीतरी जाते. मग आधी का नाही बोललास बाबा? पुण्याहून लेक म्हणाली, आई, डिस्क हातातून पडली की संपलं, क्लाउडवर टाक. क्लाउड म्हणजे कुठं, विचारलं तर म्हणे कुठंतरी सर्व्हर असतात. आता हे 'कुठंतरी' मी आईला काय सांगू? पेटी निदान पलंगाखाली असायची. भावाचं तिसरंच. तो म्हणाला, खरेदीखत मूळचंच लागते, तुह्या त्या डिस्कवरचं कोण मानते? प्रत्येकाचं ऐकताना पटायचं आणि दुसऱ्याचं ऐकलं की पहिलं खोटं वाटायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. कित्येकदा वाटलं, पेटीला भोक पडलं असतं तर बुजवता आलं असतं, या नव्या वस्तूंना भोक कुठं असतं तेही दिसत नाही.

शेवटी वैतागून सगळंच केलं. एक डिस्क माझ्याकडे, एक अकोल्याला, लेकीनं क्लाउडवर टाकलं ते वेगळं, आणि मूळ कागद-फोटो निरनिराळ्या पाकिटांत घालून परत पेटीत. पेटी आता कपाटावर. महालक्ष्म्यांना अकोल्याला गेले तेव्हा डिस्क आईच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "घे, ताई यात आली आता. पाण्याचं भेव नाही." आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली, देवघरात नेली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. वायर लावायच्या जागी कुंकू जाऊ देऊ नको, एवढंच मी सांगितलं.

दिवाळीच्या आधी पुन्हा जाणं झालं. जुन्या फोटोंवरचे डाग काढणारा एक माणूस मला सापडला होता, त्याला मूळ फोटोच हवा होता. पेटी खाली घेतली, तर ताईचं पाकीट नाही. भावाला ठाऊक नव्हतं. आईला विचारलं.

"पूर्णेत," आई म्हणाली.

आमचं घर भिक्षुकाचं. देवघरात नवी मूर्ती बसली की झिजलेली, भंगलेली घरात ठेवत नाहीत, दहीभाताचा नैवेद्य दाखवून वाहत्या पाण्यात सोडतात. बाबांनी जन्मभर यजमानांना हेच सांगितलं. भाऊ दर्यापूरकडे वास्तुशांतीला निघाला होता, वाटेत पूर्णा लागते. आईनं जुनी पंचांगं, एक भंगलेली अन्नपूर्णा आणि ताईचं पाकीट एका फडक्यात बांधून त्याच्याजवळ दिलं. त्यानं नदीत उतरून, मंत्र म्हणून ते सोडलं. विसर्जनाला बांधलेलं फडकं उघडून आत काय आहे ते आमच्याकडे कुणी पाहत नाही. आत ताई होती हे ऐकून भाऊ पेटीजवळच खाली बसला.

माझं मात्र डोकं सटकलं. "आई, अगं ठिकाणावर आहेस का? एकच फोटो होता तो."

"काहून चिडून राहिली माह्यावर? तूच तं म्हणली, यात आली म्हणून. मंग ते डागाळलेलं लेकरू मी घरात कसं ठेवू?" तिनं देवघरातल्या डिस्ककडे बोट केलं. "दहीभात दाखवला तिले. आता इथं रोज फूल वाहतो, पण हे मले उघडतच नाही. तवापासून पाह्यलंच नाही मी तिले."

मला रडू यायला लागलं, आणि राग नेमका कुणाचा आला होता तेही समजेना. ती चुकली म्हणावं, तर मीच सांगितल्याप्रमाणे वागली होती. बरोबर म्हणावं, तर फोटो नदीत.

भावानं उठून डिस्क टीव्हीला लावली. टीव्ही दुपारपासून चालूच होता. मालिका गेली आणि ताई आली, केवढी तरी मोठी, तो डागही तेवढाच मोठा. आई खुर्चीवरून उठली, भिंतीला धरत धरत जवळ गेली. आधी नुसती पाहत राहिली. मग तिनं ताईच्या गालावर हात ठेवला आणि झटकन आमच्याकडे वळली.

"अंग गरम हाय रे इचं."

ताई तापानंच गेली होती. आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. आईनं हात उचलला नाही. रिमोट माझ्या हातात होता आणि टीव्ही बंद करावा की तसाच चालू ठेवावा, मला काहीच सुचेना.