चार हे साडेतीनचं चुलत

स्वारगेटजवळच्या एका रुग्णालयाला आम्ही सॉफ्टवेअर दिलं होतं. आम्ही म्हणजे दोन खोल्यांतली कंपनी. पुण्यात तेव्हा अशा कंपन्या गल्लोगल्ली निघत होत्या. गिऱ्हाइकाने काही वेगळं मागितलं, की त्याच्याच संगणकासमोर बसून आम्ही ते करून द्यायचो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना, कोणत्या पेशंटला कोणतं औषध चालत नाही याची नोंद हवी होती. माझे वडील तिथलेच पेशंट, त्यांना सल्फा चालत नसे; त्यामुळे मी ते काम मन लावून केलं. तीन नंबरच्या व्हर्जनमध्ये ही नोंद घातली आणि त्याला साडेतीन म्हटलं. इकडे ऑफिसात दुसऱ्यांनी मूळ तीनवरूनच चार तयार केलं. त्यात ही नोंद नव्हती.

आमचे साहेब चारची सीडी आणि मला घेऊन रुग्णालयात निघाले. मी म्हटलं, "चार बसवलं की औषधांच्या नोंदी पुसल्या जातील."

"साडेतीनपेक्षा चार मोठे, हे शाळेत शिकवलं नाही का?"

"मोठं आहे, पण साडेतीनपासून झालेलं नाही. चुलत आहे."

"आता सॉफ्टवेअरचंही कूळ बघायचं!"

बघायचंच होतं. मीही काही कमी हट्टी नाही. बसवण्याच्या प्रोग्राममध्ये मी एक तपासणी घालून ठेवली होती: आधीचं व्हर्जन कितवं, एवढंच विचारायचं नाही, नवं त्याच्यापासून झालंय का, तेही बघायचं. नसेल तर थांबायचं.

डॉक्टरीणबाईंच्या समोरच चार बसता बसता थांबलं. साहेब लालबुंद झाले. बाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या साहेबांकडे वळल्या.

"अहो, यंत्राला कळलं. आपणही थांबा."

मग मी चारमध्ये ती नोंद घालून साडेचार केलं. साडेतीनवरून फक्त त्यावरच जाता येई. पुढे प्रत्येक व्हर्जन कशापासून झालं हे त्यातच लिहायचं, असा नियम साहेबांनीच काढला. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवलाही नाही.

बऱ्याच वर्षांनी वडील तापाने फणफणले, तेव्हा त्यांना त्याच रुग्णालयात नेलं. व्हर्जनं कितीतरी पुढे गेली होती. टेबलावरच्या मुलीने त्यांचं नाव टाईप केलं आणि मान वर न करता विचारलं, "आजोबांना सल्फा चालत नाही ना?"

मी काही बोलायच्या आत वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ते हिनं राखलंय," ते म्हणाले.