कॉन्ट्रॅक्टवरचे पर्मनंटभाऊ

कॉम्प्युटरवर कुठलीही कमांड अडली, की ते पहिला प्रश्न एकच विचारायचे, "पर्मनंट हाय का कॉन्ट्रॅक्टवर?" म्हणून आम्ही त्यांना पर्मनंटभाऊ म्हणायचो. गृहस्थ स्वतः मात्र चाकणच्या आमच्या कारखान्यात, सर्व्हर रूममध्ये, वर्षानुवर्षं कॉन्ट्रॅक्टवर. थट्टा जरा क्रूरच होती. ते हसून सोडून द्यायचे.

मूळचे कुरुळीचे. "औंदा करत्यात बघ पर्मनंट," हे दर दिवाळीला ठरलेलं. मुलीच्या सोयरिकीत आलेले पाहुणेही तेवढंच विचारून जायचे. मी पर्मनंट, निगडीहून कंपनीच्या बसने येणारा आणि येतानाच दमलेला.

एकदा मला 'सीडी'ची माहिती हवी होती. फोल्डर बदलायची रोजची कमांड. कमांडचं माहितीपान उघडायला 'मॅन सीडी' केलं, तर अशी नोंदच नाही म्हणे! मी वैतागलो. भाऊ खुर्चीतून न हलता म्हणाले, "राव, आपल्या कमांडी चालवतो त्यो शेल, आन् सीडी त्याच्याच घरचा माणूस. त्याला येगळं पान कशाला? आधी 'टाइप सीडी' कर. बिल्टइन म्हणालं, की पर्मनंट समज आन् 'हेल्प सीडी' मार." मारलं. सगळी माहिती समोर आली.

पुढे स्क्रीनवर मजकूर छापणाऱ्या 'इको'पायी माझी अर्धी शिफ्ट वाया गेली. मॅनमध्ये वाचलं एक, स्क्रिप्ट करत होतं भलतंच. भाऊंनी जांभई दिली. "नाव एक, गडी दोन. तू वाचलंस भायेरच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याचं, काम करतोय शेलमधला पर्मनंट. बाकी समदं 'मॅन बॅश'मधी, शेलच्या पोथीत हाय, पण त्ये मारुतीचं शेपूट. वाचणार कोण?" खरंच, कोणीच वाचत नव्हतं. सगळे भाऊंनाच विचारायचे.

यंदा ठेकेदार बदलला. त्या दुपारी आम्ही दोघं गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिऊन परतलो, तर भाऊंचं कार्ड चालेना. त्यांनी ते शर्टाला पुसून पुन्हा लावलं. वॉचमन खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव काढलंय वरून. मला आत्ताच फोन आला."

भाऊंनी कार्ड खिशात टाकलं. मग मला म्हणाले, "डबा ऱ्हायलाय आत. तेवढा आणून दे."

मी डबा आणून दिला. त्यांनी तो पिशवीत घातला. "घरी आज सांगत न्हाई," म्हणाले. "परवा पाव्हणं येणार हायती. त्ये जाऊ दे, मंग सांगतो."

ते रस्ता ओलांडून गेले. मी कार्ड लावलं, गेट उघडलं, आणि मला माझीच लाज वाटली.