हातोदच्या तिठ्यावरचे तीन उपग्रह

पुण्याहून निघताना बायकोने बजावलं होतं, पोरीला उगाच पिडू नका. इंदूरला विमान टेकेपर्यंत मी ते लक्षात ठेवलं.

मी निवृत्त वैमानिक. भाची सई वैमानिकाच्या परवान्याच्या तोंडी परीक्षेत एकाच प्रश्नावर आपटली होती: चार उपग्रहांवरून विमानाची जागा कळते, तर सहा कशाला हवेत? उद्या दुसरी खेप, आणि पोरगी धास्तावलेली. इंदूरच्या अन्नपूर्णा भागात ताईच्या घरी मी तिला आकृत्या काढून दोनदा समजावलं. सई म्हणाली, "मामा, पाठ तो सब है, पण डोक्यात बसतच नाही ना." मला रागच आला. आकृत्या चांगल्या सुबक होत्या.

दुपारी गराडू (कंदाच्या तळलेल्या, मसाला लावलेल्या फोडी) खायला तिने शहराजवळच्या हातोद गावाकडे स्कूटर काढली. मागे बसून मी तिचा मोबाइल घेतला आणि गुपचूप बंद केला. एरवी उपग्रहांवर चालणारं यंत्र पाच-दहा पावलांच्या फरकाने जागा दाखवतं, पण आकाशातही कधी संकेत तुटतात, कधी कोणी मुद्दाम बिघडवतं. यंत्राशिवाय चालवायची सवय नको?

शहराबाहेर तिठ्यावर सई अडली. इंदूरची पोरगी, पण मोबाइलशिवाय हातोद ठाऊक नाही! पानवाल्याला विचारलं. इथे वाट विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणायची पद्धतच नाही. त्याने ठामपणे डावीकडे हात केला. दूधवाल्याने तितक्याच ठामपणे उजवीकडे. दोघांची जुंपली. तेवढ्यात ट्रॅक्टरवरचे एक आजोबा थांबले आणि म्हणाले, उजवीकडेच.

सईने स्कूटर बंद केली. तिघांकडे बघत ती बोटं मोजू लागली.

"मामा, चारवर जागा कळते. दूधवाल्यासारखा पाचवा आला की कोणीतरी चुकतंय एवढंच कळतं. कोण, ते आजोबांसारखा सहावा आल्यावर."

मी म्हटलं, "आणि चुकणारा कसा बोलतो?"

"पानवाल्यासारखा. एकदम कॉन्फिडन्सने."

उजवीकडे गेलो. गराडू झकास होते. मोबाइल परत देताना मात्र मी चांगल्याच शिव्या खाल्ल्या.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या दारातच तिचा फोन आला. पास. परीक्षकांना तिने पानवालाच सांगितला होता. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं उडवूनही मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

डोळे पुसतोय तोच एक स्कूटरवाला थांबला. "भिया, राजेंद्र नगर किधर से?"

मला काडीचीही कल्पना नव्हती.

"सीधे," मी हात लांब करून म्हणालो, "फिर लेफ्ट."

पुढे आणखी दोघांना विचारीलच की तो.