भिंतखाऊ सैहूद

सैहूद माझा कुदळवाला होता. तो खणायचा, मी मागून फावड्याने माती भरायचो आणि पाच जण टोपल्या डोक्यावर घेऊन ती ढिगावर टाकायचे. आमच्या अरब मुलखाच्या दक्षिणेला जुनी शहरं गाडली गेलेली जी टेकाडं आहेत, त्या सगळ्यांवर खोदकामाची टोळी अशीच असते. कुदळ सर्वांत वर, टोपली सर्वांत खाली. अकरा हिवाळे मी त्याच्या पाठीशी काम केलं. त्याने एक घाव उगाच मारलेला मला आठवत नाही.

आधी तो तसा नव्हता. एकोणीसशे वीस साली इंग्रजांविरुद्ध टोळ्या उठल्या, तेव्हा रुमैथाजवळ रेल्वेचे रूळ उखडणाऱ्यांत तो होता. ताकद खूप आणि घाई त्याहून जास्त. तेच हात घेऊन सहा वर्षांनी टेकाडावर आला. पहिल्या हिवाळ्यात तीन दिवसांत त्याने वीस पावलं खंदक साफ केला. सगळ्यांनी वाहवा केली. चौथ्या दिवशी खोदकाम चालवणाऱ्या इंग्रज साहेबाने खंदकाची बाजू सुरीने खरवडली, तर तिच्यात विटांच्या रांगा. सैहूदने साफ केली ती नुसती माती नव्हती, कच्च्या विटांची भिंत होती. चार हजार वर्षं टिकलेली. आमच्याकडे भिंतही मातीची आणि तिच्यावर पडलेला ढिगाराही मातीचाच. डोळ्याला काही कळत नाही. साहेब गप्प राहिला. टोपलीवाले राहिले नाहीत. त्या दिवसापासून त्याचं नाव भिंतखाऊ.

त्यानंतर तो कानाने खणायला शिकला. ढिगाऱ्यात कुदळ भुसभुशीत जाते, भिंतीत ती अडते आणि आवाज बसका येतो. हे शिकायला त्याला दोन हिवाळे लागले.

मी सांगतोय तो दिवस छत्तीस सालचा, मार्चमधला. काम संपायला चार दिवस होते. गॅरेट साहेबाला खंदक अजून दोन पुरुष खोल न्यायचा होता. हा साहेब बंडाच्या वेळी रुमैथाच्या वेढ्यात अडकलेला होता आणि सैहूद कुठे होता हेही त्याला ठाऊक होतं. माती वाहायच्या छोट्या डब्यांसाठी रूळ टाकले, तेव्हा तो सैहूदला, म्हणजे काझिमच्या बापाला, म्हणाला होता, "अबू काझिम, एवढे तरी राहू दे."

सकाळी सैहूदने चार घाव मारले आणि थांबला. पाचवा हलकेच मारला. मग कुदळ खाली ठेवली.

"साहेब, ही भिंत आहे."

साहेबाने येऊन पाहिलं, बोटाने खरवडलं. "पावसाने वाहून आलेला गाळ आहे. तोड."

"नाही तोडणार."

"चार दिवस उरलेत, अबू काझिम."

"मला दुपारपर्यंत द्या. भिंत निघाली नाही, तर उद्यापासून मी टोपली उचलतो. कायमची."

वरून नईमा हसला. तो टोपलीवाल्यांतला सर्वांत म्हातारा. "माझी घे की. हिला भोक आहे, तुला शोभेल."

साहेबाने घड्याळ पाहिलं. "दुपारपर्यंत," म्हणाला.

सैहूदने कुदळीला हात लावला नाही. करणीने माती तासून सपाट केली. मग मला म्हणाला, "लफ्ता, पाणी आण."

"कुठलं पाणी?"

"प्यायचं."

कालव्यावरून गाढवावर आणलेले दोन डबे होते. दिवसभराचं पाणी. मी एक आणला. त्याने तळव्याने शिंपडायला सुरुवात केली, भिंतीवर, हळूहळू, सगळीकडे सारखं. मग दुसराही मागितला.

"अरे भिंतखाऊ," नईमा ओरडला, "भिंतीला पाजतोस आणि आम्हाला मारतोस?"

"गप बस आणि बघ."

सगळं गडद तपकिरी झालं. आम्ही पाहत बसलो. ऊन वर आलं. साहेबही टोपी काढून खाली उकिडवा बसला. बराच वेळ काही नाही. सैहूदच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

मग एका कोपऱ्यात हाताएवढा चौकोन फिकट झाला. त्याच्या शेजारी दुसरा. विटा आधी सुकत होत्या, सांधे ओलेच होते. काळ्या रेघा उमटत गेल्या, आडव्या, उभ्या, ओळीवर ओळ. कोणीतरी आतून आखत असावं तशी भिंत समोर आली. टोपलीवाले टोपल्या टाकून काठावर गोळा झाले.

साहेब हळूच म्हणाला, "भिंत आहे."

"आता कोपरा," सैहूद म्हणाला. "असली भिंत देवळाचीच असते, आणि देवळाच्या कोपऱ्याखाली राजा काहीतरी ठेवतोच."

पैज जिंकला होता, तरी तो बसला नाही. भिंतीच्या कडेने नऊ पावलं त्याने रेघ धरून माती काढली. मी मागे फावडं मारत होतो. दहाव्या पावलाला भिंत वळली. कोपऱ्याच्या बुडाशी कुदळ टणकन वाजली. भाजलेली वीट, डांबराने बसवलेली. डांबराचा वास अजून येत होता.

पुढचं काम साहेबाचं. सुरी, कुंचला. वरची वीट उचलली. आत वीतभर तांब्याची मूर्ती आणि दगडाची लहानशी पाटी. साहेबाने पाटीवर फुंकर मारली, ओठ हलवत वाचली. "उरच्या राजा शुल्गीने आपल्या देवीसाठी हे घर बांधलं."

पण आम्ही मूर्तीकडे पाहत होतो. राजा सरळ उभा होता. दोन्ही हात वर. डोक्यावर मातीची टोपली.

"हा राजा?" नईमाने विचारलं.

"राजाच," साहेब म्हणाला. "देवळाची पहिली माती त्याने वाहिली."

नईमाने काठावरून आपली भोकाची टोपली उचलली आणि डोक्यावर ठेवली. "भिंतखाऊ, हरलास तर शिक्षा म्हणून आमच्यात येणार होतास ना? बघ, आमच्यात कोण कोण आहे."

हसून हसून आमच्या घशाला कोरड पडली आणि मग आठवलं की पाणी नाही. सैहूद तोपर्यंत खंदकातून वर चढला होता. दोन्ही रिकामे डबे त्याने गाढवावर बांधले.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमचं पाणी मी सांडलं. मीच आणणार."

भर उन्हात कालव्यापर्यंत जाऊन यायला तासभर लागतो. तो परत आला तेव्हा घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पहिला प्याला त्याने नईमाला दिला. नईमाने तो रिकामा केला, तोंड पुसलं आणि टोपली माझ्यापुढे धरली.

"भर," सैहूद मला म्हणाला. "राजा थांबलाय."