शुक्रवारचा फॅक्स

जर्मनीत डार्मश्टाटच्या संस्थेत माझ्या खोलीतलं दुसरं टेबल दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या एका संशोधक बाईचं होतं. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, म्हणून मनातल्या मनात मी तिला ताई म्हणायचो. तिच्या देशात सगळ्यांना मताचा हक्क मिळाला, त्या पहिल्या निवडणुकीत ती वडिलांबरोबर दिवसभर रांगेत उभी होती. ही गोष्ट तिने मला दहादा तरी सांगितली असेल. वडिलांनी त्या दिवसासाठी नवे बूट घेतले होते. पायाला फोड आले, पण ते खाली बसले नाहीत.

मला ते कळायचं. नागपूरला आमची आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून मतदानाला जायची आणि मत दिल्याशिवाय चहा घ्यायची नाही. आज आपलं वजन साहेबाइतकंच, असं म्हणायची.

त्या वर्षी परदेशी राहणाऱ्या मतदारांना ताईच्या देशाने दूतावासात मत द्यायची सोय केली. त्यासाठी आधी एक फॉर्म निवडणूक आयोगाला फॅक्स करायचा होता, शुक्रवारपर्यंत. गुरुवारी ती कामासाठी हाम्बुर्गला निघाली आणि सही केलेला फॉर्म माझ्याकडे देऊन गेली.

"उद्या नक्की पाठवशील ना?"

"गेनाऊ, उद्याच," मी म्हणालो. गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'.

शुक्रवारी जेवून, कॉफी पिऊन मी आरामात फॅक्सच्या खोलीकडे गेलो, तर सेक्रेटरीबाई कुलूप लावून घरी गेलेल्या. शुक्रवारी दुपारनंतर आमच्या संस्थेत चिटपाखरू नसायचं, हे मला चांगलं माहीत होतं. स्टेशनजवळच्या दुकानात फॅक्स व्हायचा, ट्रामने दहा मिनिटं. मी गेलो नाही. शेवटची तारीख कधी शेवटची नसते, हे माझ्या अंगात मुरलेलं. परीक्षेचा फॉर्म असो की रेशनकार्ड, आमच्याकडे मुदतवाढ ठरलेलीच. सोमवारी सकाळी आल्या आल्या फॅक्स केला आणि ताईला सांगितलं, पाठवला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून जास्तच लाज वाटते.

मतदानाला ती पहिल्या गाडीने बर्लिनच्या दूतावासात गेली. नवे बूट घालून गेली होती. दुसऱ्या दिवशी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "यादीत माझं नाव नव्हतं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

"सत्ताधारी पक्षाला आमच्यासारख्यांची मतं नकोच असणार," ती म्हणाली. "मुद्दाम गाळलं असेल."

"सगळीकडे असंच असतं," मी म्हणालो. या वाक्याची मला अजून शिसारी येते.

त्यानंतर ती बदलली. पूर्वी सरकारवर ती घरच्या माणसावर चिडावं तशी चिडायची. आता निकालाच्या बातम्या वाचून नुसती हसायची. वडिलांची गोष्ट तर पुन्हा काढलीच नाही. एक दिवस तिने आयोगाला तक्रारीचं पत्र लिहिलं आणि तिला मीटिंग असल्यामुळे फॅक्स करायला माझ्याच हातात दिलं. या वेळीही तिने माझ्यावर विश्वास टाकला. मशीनपुढे उभा राहून मी विचार केला, हे पत्र फाडलं तर कुणाला कळणार? उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं. तरी पाठवलं, पोचल्याची चिठ्ठी निघेपर्यंत हललो नाही. हा काही मोठेपणा नव्हता. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ते काम मी आयोगावर ढकललं.

उत्तर आलं, सभ्य आणि सविस्तर. तुमचा फॉर्म मुदतीनंतर मिळाला, सोबत प्रत जोडली आहे. प्रतीच्या माथ्यावर आमच्या संस्थेच्या मशीनने छापलेला सोमवार होता.

ताईने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"फॉर्म राहिला, ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण इतके आठवडे मी माझ्या देशाला चोर म्हणत होते, आणि तू समोर बसून ऐकत होतास."