दामले बाईंचं रेकॉर्डिंग

दामले बाई पहिल्यांदा स्टुडिओत आल्या, त्या दिवशी त्यांनी आधी पंखा बंद करायला लावला. मग कोपऱ्यातला छोटा फ्रिज. मग भिंतीवरचं घड्याळ स्वतः काढून बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुमच्या चपला. उजवी करकरते."

मी चपला काढल्या. त्याआधी त्यांची माझी ओळख एवढीच, की फोनवर त्यांनी विचारलं होतं, "गिटार तुम्ही रेकॉर्ड करता, की नुसतं यंत्र लावून बसता?" मी म्हटलं, "करतो." त्यावर "बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

माझा स्टुडिओ एरंडवण्यात, एका इमारतीच्या तळघरात. रेडिओच्या जाहिराती, गणपतीच्या आरत्या, शाळांच्या स्नेहसंमेलनातले नाच, असलं काम तिथे चालायचं. साठी कधीच ओलांडलेली, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पाठीवर गिटार, असं कोणी तोवर ते जिने उतरून आलेलं नव्हतं. मागोमाग त्यांची भाची अनुजा एका उंच, गोऱ्या गृहस्थांचा हात धरून उतरत होती. ते दामले काका. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "गाडी किती वाजता आहे?"

"अजून वेळ आहे," बाई मागे न बघताच म्हणाल्या. "बसा तिथे."

काका बाकावर बसले, शेजारी अनुजा आणि मधे घड्याळ.

बाई एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्नाआधी थोडी सतार झाली होती. लग्नानंतर एकदा कँपात खरेदीला गेल्या असताना एका दुकानाच्या काचेत गिटार दिसली आणि त्या थबकल्या. काका हडपसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी काही न विचारता दुसऱ्या दिवशी ती आणली, आणि कँपातल्याच एका गोवेकर मास्तरांकडे शिकवणी ठरवून आले. त्या काळी पुण्यात बायकांनी वाजवायची गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. ही उभी धरायची. "शेजारणी विचारायच्या, बायकोला सिनेमात घालताय का?" बाई सांगत होत्या. "हे म्हणायचे, हो, पण तिचं वजन कमी होत नाहीये." हे सांगताना त्यांनी पहिल्यांदा हसून दाखवलं.

रविवारी दोघं स्कूटरवरून कुठेतरी जायचे. जिथे जाऊन आलं तिथली एखादी छोटी धून बाई रचायच्या आणि तिला त्याच गावाचं नाव द्यायच्या. अशा पुष्कळ साठल्या होत्या. 'दिवेघाट' संथ, चढाची. 'मंडई' भरभर, एकमेकांत घुसणाऱ्या स्वरांची. 'खराडी' वाजवण्याआधी त्या म्हणाल्या, "तेव्हा तिथे ज्वारी होती. आता काय आहे ते अनुजाला विचारा, तिचं ऑफिस तिथे आहे. मी जात नाही."

मी दोन माईक लावले. एक गिटारची मान धडाला जिथे जुळते त्या जागेसमोर, वीतभर अंतरावर; दुसरा जरा वर, त्यांच्या खांद्याच्या बाजूने. बाईंनी सोबत आणलेल्या थर्मासमधलं गरम पाणी भांड्यात ओतलं, त्यात डावा हात बुडवून बसल्या, मग पुसून गिटार मांडीवर घेतली. त्या हाताच्या बोटांचे सांधे सुजून लाकडाच्या गाठींसारखे झाले होते. तरी तार कुठेही निसटत नव्हती. पण उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या गिटारवर आपटत होत्या. मी काचेआडून पाहत होतो. सांगावं कसं, ते कळेना. शेवटी आत जाऊन चाचरत म्हटलं.

"त्यात संकोच कसला करताय?" बाई म्हणाल्या. बांगड्या उतरवून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवल्या. "हे बाहेर बाकावर धडधाकट बसलेत. माझ्या बांगड्यांवर काही अवलंबून नाही."

दुसऱ्या खेपेला मला या खटाटोपाचं कारण कळलं. मध्ये थांबलो होतो. बाई बाहेर येऊन काकांच्या शेजारी बसल्या, पर्समधून कानस काढून त्यांच्या हातात दिली आणि आपला उजवा हात पुढे केला. तार छेडायला त्या हाताची नखं वाढवलेली असतात आणि त्यांना जराही खरखर राहून चालत नाही. काकांनी हात आपल्या गुडघ्यावर घेतला. एकेक नख उजेडाकडे धरून पाहत, फुंकर मारत, ते घासू लागले. यंत्राचा बारीक भाग तपासावा तसं चाललं होतं. सगळी नखं झाल्यावर त्यांनी हात अलगद परत केला आणि अदबीने विचारलं, "आपण कुठे असता?"

"इथेच असते," बाई म्हणाल्या.

मी चहाचं निमित्त करून आत गेलो. थोड्या वेळाने बाई मागून आल्या.

"तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे उगाच बिचकू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना माझं नाव आठवतं, चेहरा आठवत नाही. कुमुद कुठे गेली म्हणून मलाच विचारतात. दिवसा बरं असतं. संध्याकाळी दिवे लागले की घरी जायचं म्हणतात. घरातच असतात, तरी घरी जायचं. दार ठोठावतात, चिडतात, रडतात. मी वाजवायला बसले की मात्र बसून राहतात. गोळी देऊन होत नाही ते एवढ्यानं होतं." त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. "पण हे किती दिवस चालणार? डॉक्टर म्हणाले, बोटांना विश्रांती द्या. मी म्हटलं, आमच्याकडे संध्याकाळ रोज होते. म्हणून साठवून ठेवतेय."

मग मी जीव ओतून काम केलं. अवघड जागा आली की बाई नाकाने जोरात श्वास घ्यायच्या. मी तो काढला. तारेवरून बोट सरकताना चीं असा आवाज यायचा. तोही होता होईल तेवढा काढला. खुर्ची कुरकुरली, पदर माईकला लागला, त्या घशात गुणगुणल्या, सगळं नाहीसं केलं. उरली ती निव्वळ गिटार. इतकी स्वच्छ, की माझ्या हातून तोवर तसं काही झालं नव्हतं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "सुरेख. कोण वाजवतंय?" मी ती शाबासकी समजलो आणि सीडी करून दिली.

आठवड्याभराने फोन. "तुमची सीडी नापास."

"का हो? खराब झाली का?"

"खराब कसली, फार चांगली झाली. त्यांनी शांतपणे ऐकली, म्हणाले, वा, रेडिओवर छान लागलंय. आणि मला हाका मारत सगळ्या खोल्या शोधत सुटले. मी समोरच बसलेली. फळा पुसावा तसं पुसून टाकलंत तुम्ही मला त्यातून." मग खालच्या आवाजात, "तुमची चूक नाही. मी कशासाठी हवंय ते सांगितलं नव्हतं नीट. परत घेऊ या का?"

या वेळी त्यांनी अट घातली. काका आत, त्यांच्या समोर बसणार. मी म्हटलं, "बाई, ते बोलतील. खोकतील. सगळं माईकमध्ये येईल."

"येऊ दे."

"बांगड्या?"

"त्याही राहतील. तुम्ही फक्त बटण दाबा आणि मग कशाला हात लावू नका."

बाहेर कलत्या उन्हाची वेळ होती, पण तळघरात उजेड नेहमी सारखाच असतो. अनुजाने घरून वेताची खुर्ची आणली होती, काका तिच्यात बसले. बाई समोर. मी काचेअलीकडे हेडफोन लावला आणि खूण केली. बाईंनी 'दिवेघाट' सुरू केली. श्वास येत होते, बांगड्या वाजत होत्या, खुर्ची करकरत होती. आधी मला ते खटकलं. मग हळूहळू असं वाटलं, की मी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, दाराशी, चपला काढून उभा आहे.

धून अर्ध्यावर आली आणि काका म्हणाले, "घरी कधी जायचं?"

बाईंची बोटं थांबली नाहीत. "हे एवढं होऊ दे. मग निघू."

"बरं." मग बऱ्याच वेळाने, "आपण फार छान वाजवता."

"तुम्हीच शिकायला पाठवलंत मला."

"मी?" काका विचारात पडले. हेडफोनमध्ये नुसत्या तारा ऐकू येत होत्या. "मग बरोबर केलं मी."

तिथे लय किंचित ढळली. ऐकणाऱ्याला कळणारही नाही, इतकी. बाईंनी एक श्वास घेतला, लय परत धरली आणि घाट चढून धून शेवटाला नेली. तार थरथरत विरली. त्यानंतरही मी बराच वेळ बटण बंद केलं नाही.

"ऐकवू?" मी आत जाऊन विचारलं.

"नको. हे मी घरी रोज ऐकते," त्या म्हणाल्या आणि गिटार पिशवीत घालू लागल्या. त्यांना चेन ओढता येईना. बोटांनी तेवढी पकडच उरली नव्हती. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "थांबा, जमेल." आणि जमेपर्यंत प्रयत्न करत राहिल्या.

चार दिवसांनी फोनवर एकच शब्द आला, "पास." मग राहवलं नसावं. "काल लावून दिली आणि मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या होईपर्यंत हे बसून होते. कितीतरी दिवसांनी मी पोळ्या न करपवता केल्या."

दिवाळीनंतर त्यांना तार दाबता येईनाशी झाली. पण मी कधी फोन केला तर तक्रार नसायची. "गिटार कपाटावर आहे. वाजवायचं काम आता तुमच्या सीडीकडे दिलंय. मी निवृत्त." वाजवणं सुटल्याचं काही वाटतं का, असं एकदा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दुपारी वाटतं. संध्याकाळी सवड नसते."

होळीच्या सुमारास त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. मला अनुजाने कळवलं. आपला खराडीचा फ्लॅट बंद करून ती काकांजवळ राहायला आली होती. मी भेटून आलो. काका दारात उभे होते, त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं, "आमच्या कुमुदला कुठे पाहिलंत का?"

मग एका दुपारी अनुजाचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "दादा, मी ती सीडी लपवून ठेवलीय. मावशीचा आवाज ऐकला तर काकांचं काय होईल, मला भीतीच वाटते. पण संध्याकाळी ते दार सोडत नाहीत. काल माझा हात झटकला त्यांनी. आणि मला स्वतःला ती ऐकवेल का, तेही माहीत नाही. लावू का? तुम्हीच सांगा, प्लीज."

"मी येतो," एवढंच म्हटलं.

गेलो तेव्हा दिवे लागत होते. काका दाराच्या कडीशी झटत होते, अनुजा "काका, बसा ना, प्लीज बसा" म्हणत त्यांच्यामागे उभी होती. मी सीडी लावली. पहिल्या तारेला त्यांचे हात थांबले. ते येऊन वेताच्या खुर्चीत बसले. अनुजा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, तोंडावर ओढणी धरून. स्पीकरमधून काकांनी विचारलं, घरी कधी जायचं, बाईंनी सांगितलं. खुर्चीतल्या काकांनी मान हलवली. पुढे बाई म्हणाल्या, तुम्हीच शिकायला पाठवलंत मला, तेव्हा ते हसले. समोरच्या रिकाम्या दिवाणाकडे बघून, ओळखीचं.

धून संपली. काका उठले. भिंतीला धरून त्यांनी चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. आता त्यांच्यात चिडचिड अजिबात नव्हती.

"कुठे निघालात, काका?" अनुजाने कसंबसं विचारलं.

"घरी," ते म्हणाले. "चला, तुम्हीही चला. कुमुद पुढे गेली वाटतं."

अनुजाने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि कडी काढली.

आम्ही तिघं काकांच्या चालीने जिना उतरलो. फाटकापाशी येऊन ते रस्त्याकडे बघत राहिले. रिक्षा जात होत्या, समोरच्या दुकानात दूध घ्यायला माणसं उभी होती. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. अनुजाने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "काका, या बाजूने." आणि त्यांना वळवून पुन्हा त्याच दाराकडे घेऊन निघाली. ते तिच्याबरोबर निमूट चालू लागले, घरी जाणाऱ्या माणसासारखे.